दहा टक्के खेळाडूंसाठी

१५ ऑक्टोबर २०२२च्या संध्याकाळी टेनेसी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने अलाबामाला ५२-४९ असं हरवलं. २००६नंतर हा योग पहिल्यांदाच आला होता. शेवटची किक हेलकावे खात कशीबशी दांड्यावरून गेली आणि नॉक्सव्हिलच्या नेलँड स्टेडियममधली गर्दी कठडे ओलांडून मैदानात उतरली. लोकांनी गोलपोस्ट उखडले, खांद्यावर घेऊन मिरवले आणि स्टेडियमच्या शेजारून वाहणाऱ्या टेनेसी नदीत नेऊन टाकले. प्रेक्षक मैदानात घुसले म्हणून साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे टेनेसी ज्यात खेळतं त्या विद्यापीठांच्या गटाने, विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड केला. पुढच्याच शनिवारी घरच्या मैदानावर सामना होता आणि गोलपोस्ट नदीत होते. तेव्हा विद्यापीठाने चाहत्यांपुढेच हात पसरला: नव्या गोलपोस्टसाठी दीड लाख डॉलर द्या. लोकांनी हसत हसत दिले. मोडणारे आम्ही, भरणारेही आम्ही.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, त्याच विद्यापीठाने पुढच्या हंगामाच्या तिकिटांचे दर जाहीर केले. तिकिटं सरासरी साडेचार टक्क्यांनी महागली होती. त्याशिवाय बिलात एक नवी ओळ होती: टॅलेंट फी, दहा टक्के. खेळाडूंना द्यायच्या पैशांसाठी. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर बसणाऱ्या, वडिलांकडून सीझन तिकीट वारशाने मिळालेल्या माणसांनीही कपाळाला आठ्या घातल्या. बिल भरलं बहुतेकांनी, पण कुरकुरत.

लोखंडी खांबासाठी खुशीने खिशात हात घालणारा माणूस खांबाच्या दिशेने चेंडू मारणाऱ्या मुलासाठी पैसे देताना का अडखळतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. अमेरिकेत या विषयावर आजवर जे बोललं गेलं त्याचा बराचसा भाग खेळाडूंच्या हक्कांबद्दल, न्यायालयांबद्दल आणि कराराच्या आकड्यांबद्दल आहे. चाहत्याचा उल्लेख होतो तो ‘प्रेक्षकांना हे रुचेल का?’ एवढ्यापुरता. मला तो माणूस मध्यभागी आणावासा वाटतो, कारण दीडशे वर्षांच्या या उद्योगात सगळ्यात जास्त गृहीत धरला गेला तो तोच.

मराठी वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट आणि खांद्यांवर चिलखत चढवून, लांबट चेंडू हातात घेऊन, एकमेकांवर आदळत खेळायचा हा खेळ. आंतरमहाविद्यालयीन पहिला सामना रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात १८६९ साली झाला; व्यावसायिक लीग त्यानंतर अर्ध्या शतकाने आली. म्हणजे इथे कॉलेजचा खेळ ही व्यावसायिक खेळाची पायरी म्हणून जन्मलेली गोष्ट नाही. ती आधीची आहे आणि अनेक राज्यांत आजही मोठी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनसंख्या १,०७,६०१ आहे, नेलँडची लाखाच्या वर. अलाबामात किंवा नेब्रास्कात व्यावसायिक लीगचा संघच नाही; तिथे शनिवारी जे काही आहे ते विद्यापीठाचं आहे. एम.एस.साठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना पहिल्याच ऑगस्टमध्ये याची चुणूक मिळते. अमुक रंगाचा टीशर्ट शनिवारी घालायचा नाही, अमुक विद्यापीठाचं नाव सुद्धा काढायचं नाही, आणि सामन्याच्या दिवशी गाडी हलवायची असेल तर ती पहाटेच हलवायची. सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात, तंबू लागतात. नॉक्सव्हिलला तर लोक नदीतून बोटी घेऊन येतात आणि स्टेडियमच्या धक्क्याला नांगर टाकून बसतात.

हा सगळा पसारा चालत आला त्यात एक मेख होती. प्रशिक्षकाला पगार, कॅमेरामनला पगार, भजी-बर्गर विकणाऱ्याला पगार, खेळणाऱ्याला नाही. एनसीएए या शिखर संस्थेने १९५६ साली क्रीडा शिष्यवृत्तीला मान्यता दिली: शिक्षण, राहणं, जेवण. त्यापलीकडे एक डॉलर घेतला तरी गुन्हा. ही रेघ किती काटेकोरपणे ओढली गेली याचं कारण तत्त्वात जितकं होतं तितकंच विम्याच्या हिशेबातही होतं. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये सांगितलं की कॉलेज फुटबॉलच्या धंद्यात नाही, म्हणून तो कामगार नाही. एनसीएएचे तेव्हाचे सर्वेसर्वा वॉल्टर बायर्स यांनी हीच भूमिका पुढची तीन दशकं रेटली. निवृत्तीनंतर १९९५मध्ये त्यांनी आत्मकथनवजा पुस्तक लिहिलं आणि आपणच उभारलेल्या या व्यवस्थेवर कडाडून टीका केली. मला या सगळ्या इतिहासात बायर्सइतका चक्रावून टाकणारा दुसरा माणूस सापडत नाही.

दरम्यान धंदा वाढत होता. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि विद्यापीठं व त्यांच्या कॉन्फरन्स स्वतःचे करार करायला मोकळ्या झाल्या. त्याचं पुढे काय झालं हे पाहायचं तर बिग टेन या एका कॉन्फरन्सचा २०२२चा करार पाहावा: सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक. एवढा पैसा आला की तो कुठेतरी मुरवावा लागतो. खेळाडूला देता येत नाही, म्हणून तो लॉकर रूमच्या संगमरवरात, धबधबे असलेल्या जिममध्ये आणि प्रशिक्षकांच्या करारात मुरला. टेक्सस ए अँड एमने नोव्हेंबर २०२३मध्ये जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा करारातला उरलेला पगार म्हणून साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याला घरी बसण्यासाठी देणं लागत होतं. देणगीदारांनी त्याचीही तजवीज केली. ‘पैशाने खेळ नासला’ असं तेव्हा फारसं कुणी म्हटलं नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन या खेळाडूने आदल्या हंगामातल्या सामन्यात घातलेली स्वतःची जर्सी एक हजार डॉलरला विकली. एनसीएएने त्याला चार सामने बसवलं. त्याच काळात त्याच्या क्रमांकाच्या जर्सी दुकानात टांगलेल्या होत्या आणि चाहते त्या विकत घेत होते. फक्त तो पैसा त्याच्याकडे जात नव्हता.

आता चाहत्याकडे येऊ. खेळाडूंना पैसे का द्यायचे नाहीत, असं न्यायालयाने विचारल्यावर एनसीएएने जे उत्तर दिलं ते थोडक्यात असं: चाहत्यांना आवडणार नाही. हा खेळ हौशी आहे म्हणून लोकप्रिय आहे. पैसे दिले तर तो व्यावसायिक लीगची दुय्यम आवृत्ती होईल आणि लोक पाठ फिरवतील. यूसीएलएचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखा दिसणारा, स्वतःच्याच क्रमांकाचा खेळाडू पाहून २००९मध्ये दावा लावला होता. २०१४मध्ये तो सुनावणीला आला, तेव्हा एनसीएएने लोकांचं सर्वेक्षणच पुरावा म्हणून मांडलं. पैसे देण्याला बहुसंख्यांचा विरोध होता. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांना ते फारसं पटलं नाही. लोक प्रश्नावलीत सांगतात एक आणि वागतात दुसरं. बेसबॉलचे पगार सत्तरच्या दशकात भडकले तेव्हाही लोक नाराज होते, तरी मैदानावर येत राहिले. ऑलिंपिकमध्ये व्यावसायिक आले तेव्हाही तीच भाकितं झाली होती.

म्हणजे चाहत्याचं मन हे कायद्यातलं एक हत्यार होतं. त्याच्या वतीने, त्याच्या हळव्या मनाला जपण्यासाठी, मुलांना पैसे नाकारले जात होते. जून २०२१मध्ये खेळाडूंनीच एनसीएएवर लावलेल्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा कौल देऊन एनसीएएचा बचाव मोठ्या प्रमाणात निकामी केला. कॅलिफोर्नियाने २०१९मध्येच कायदा करून सुरुवात केली होती, इतर राज्यं मागोमाग आली, आणि १ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख विकायची मुभा मिळाली. स्टेडियम रिकामी झाली नाहीत. टीव्हीवाल्यांनीही पैसे परत मागितले नाहीत. चाहता बुजरा आहे ही कल्पनाच चुकीची ठरली.

पण त्याला काहीच वाटलं नाही असं मात्र नाही, आणि इथेच अनेक सुधारणावादी लेखक घाई करतात. त्यांच्या मते कुरकुरणारा चाहता एकतर ढोंगी आहे किंवा वर्णद्वेषी. दुसऱ्या आरोपात तथ्य नाही असं नाही; फुटबॉलमधले निम्म्याच्या आसपास खेळाडू कृष्णवर्णीय आणि प्रशिक्षक, अधिकारी, देणगीदार बहुतांशी गोरे, अशी रचना आहे, आणि जनमत चाचण्यांमध्ये खेळाडूंना पैसे देण्याला गोऱ्यांचा विरोध कृष्णवर्णीयांपेक्षा बराच जास्त दिसत आला आहे. त्याबद्दल गप्प राहून हा विषय मांडता येणार नाही. तरीही नॉक्सव्हिलच्या त्या बिलावरची आठी एवढ्याने उलगडत नाही.

ती उलगडायला २०२१नंतर उभी राहिलेली नवी यंत्रणा पाहावी लागते. विद्यापीठाला स्वतः पैसे देता येत नव्हते, म्हणून चाहत्यांनी बाहेर संस्था काढल्या. त्यांना कलेक्टिव्ह म्हणतात. लहान चाहत्याने महिन्याला थोडी रक्कम भरायची, बड्याने घसघशीत चेक द्यायचा, आणि कलेक्टिव्हने खेळाडूशी करार करायचा: दोन कार्यक्रमांना हजेरी लाव, चार सह्या कर, एखादी पोस्ट टाक. आपल्या गल्लीतल्या मंडळाच्या वर्गणीची आठवण यावी असा प्रकार. फक्त मंडळ निदान जमाखर्चाचा कागद फलकावर लावतं, कलेक्टिव्हवर तेवढंही बंधन नव्हतं. टेक्ससमध्ये डिसेंबर २०२१मध्ये एका संस्थेने आक्रमक फळीतल्या प्रत्येक शिष्यवृत्तीधारक खेळाडूला वर्षाला ५० हजार डॉलर देऊ केले. टेक्सस टेकच्या कलेक्टिव्हने २०२२मध्ये शंभर खेळाडूंना प्रत्येकी २५ हजार जाहीर केले. काही कलेक्टिव्ह धर्मादाय म्हणून नोंदल्या गेल्या, म्हणजे देणगीवर करसवलत. २०२३मध्ये अमेरिकेच्या आयकर खात्याने सांगितलं की यांतल्या अनेकींचा मोठा उद्देश खेळाडूंचा खाजगी फायदा आहे, तेव्हा सवलत मिळू नये. खात्याचं चुकलं नाही. पण जाता जाता हेही सांगावं लागेल की २०१७पर्यंत सीझन तिकिटाचा हक्क मिळवण्यासाठी विद्यापीठाला दिलेल्या ‘देणगी’वर ८० टक्के वजावट मिळत होती. चांगल्या खुर्चीसाठी मोजलेले पैसे तेव्हा दानात जमा होत होते.

(परदेशी विद्यार्थी या सगळ्यातून बाहेर. एफ-१ व्हिसावर आलेल्याला असं काम करून कमाई करणं जवळपास बंदच आहे, त्यामुळे युरोपातून, आफ्रिकेतून आलेले खेळाडू सहकाऱ्यांच्या नव्या गाड्या पाहत बसतात. कॅम्पसवर तासांच्या हिशेबात काम करणाऱ्या आपल्या मुलांना हे बंधन चांगलंच ठाऊक आहे.)

आणि याच सुमारास दुसरं दार उघडलं. पूर्वी विद्यापीठ बदललं तर फुटबॉलपटूला एक वर्ष बसावं लागे. २०२१मध्ये एकदा मोकळीक मिळाली, २०२४मध्ये ती मर्यादाही गेली. पैसा आणि मोकळीक एकत्र आल्यावर जे व्हायचं ते झालं. खेळाडू दर हिवाळ्यात बाजारात येऊ लागला.

याचं टोक नॉक्सव्हिललाच दिसलं. निको इयामालिआवा हा कॅलिफोर्नियाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार) टेनेसीने मिळवला तेव्हा कलेक्टिव्हशी झालेल्या त्याच्या कराराची किंमत ८० लाख डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. त्याच्यासारख्यांना आमिष दाखवण्यावरून एनसीएएने चौकशी सुरू केली, तर टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या महाधिवक्त्यांनी जानेवारी २०२४मध्ये एनसीएएलाच न्यायालयात खेचलं आणि महिन्याभरात मनाई हुकूम मिळवला. एका मुलासाठी राज्य सरकार उभं राहिलं होतं. २०२४च्या हंगामात त्याने संघाला प्लेऑफपर्यंत नेलं. एप्रिल २०२५मध्ये मानधन वाढवण्याची बोलणी फिसकटल्याच्या बातम्या आल्या, तो शुक्रवारच्या सरावाला आला नाही, आणि शनिवारी प्रशिक्षक जॉश ह्यूपल यांनी संघ त्याच्याशिवाय पुढे जाईल असं जाहीर केलं. तो यूसीएलएला गेला. यूसीएलएमध्ये नुकताच दाखल झालेला क्वार्टरबॅक जोई अग्विलार त्यामुळे तिथून निघाला आणि आला कुठे, तर टेनेसीला. दोन विद्यापीठांनी जणू जागा बदलून घेतल्या. टॅलेंट फीचा पहिला हंगाम अजून सुरू व्हायचा होता.

माझ्या मते चाहत्याची खरी तक्रार इथे आहे. त्याने आजवर जे जे दिलं ते तिथे राहिलं: इमारतीवर देणगीदाराचं नाव राहिलं, विटेवर आजोबांचं नाव राहिलं, गोलपोस्ट निदान पुढच्या विजयापर्यंत राहिला. आता तो ज्याच्यासाठी देतो तो जानेवारीत निघून जाऊ शकतो, आणि जाणाऱ्याला दोषही देता येत नाही, कारण प्रशिक्षक तर कायमच असे गेले आहेत. खेळाडू श्रीमंत झाला म्हणून नॉक्सव्हिलचा प्लंबर चिडलेला नाही. आपुलकी म्हणून तो ज्याकडे पाहत होता त्याचं आता वर्षाच्या बोलीवर नूतनीकरण होतं, आणि ते बिल त्याच्या नावाने येतं, याने तो बिथरला आहे.

ही तक्रार खरी आहे, पण तिचा पत्ता चुकला आहे असं मी म्हणेन. पैसा टीव्हीकडून आला होता, तो खेळाडूंना आधीच देता आला असता, बहुवर्षीय करार करून देता आला असता, आणि त्या बदल्यात खेळाडूकडूनही काही वर्षांची बांधिलकी मागता आली असती. विद्यापीठांनी तो मार्ग टाळला कारण त्यासाठी खेळाडूला कर्मचारी म्हणावं लागलं असतं. नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी २०१४मध्ये युनियन करायचा प्रयत्न केला. प्रादेशिक कामगार अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानलं, पण वरच्या मंडळाने २०१५मध्ये प्रकरणात पडायलाच नकार दिला. बांधिलकीचा करार नको म्हणून मोकाट बाजार आला, आणि मोकाट बाजाराची किंमत तिकिटावर चढली.

६ जून २०२५ला त्याच न्यायाधीश विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि १ जुलैपासून विद्यापीठांना स्वतःच खेळाडूंना पैसे देण्याची परवानगी. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. यातला मोठा वाटा फुटबॉलकडे जाणार. महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध अपील केलं आहे, आणि पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स यांचं काय होणार हा प्रश्न आहेच; अमेरिकेचे ऑलिंपिकपटू याच कॉलेजांतून येतात. हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, इथे मी तो नुसता टेकवून पुढे जातो. आपल्या चाहत्यापुरतं पाहिलं तर बदल एवढाच की पूर्वी कलेक्टिव्ह पैसे मागत होती, आता विद्यापीठ मागतं, आणि मर्यादेच्या वर द्यायचं असेल तर कलेक्टिव्ह पुन्हा दारात उभी राहते. ६०० डॉलरवरचा प्रत्येक बाहेरचा करार तपासायची नवी व्यवस्था आली आहे; तिचे पहिले नियम महिन्याभरात सैल करावे लागले.

चाहता हा एकसंध प्राणी नाही, एवढं मात्र वाचकाने पुढची पानं वाचताना ध्यानात ठेवावं. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाची गोष्ट त्यासाठी पाहण्यासारखी आहे. ऐंशीच्या दशकात तिथले देणगीदार खेळाडूंना गुपचूप महिना पोचवत होते. एकदा पकडले गेल्यावरही ते थांबले नाहीत, कारण ज्यांना शब्द दिला होता त्या मुलांचे हप्ते तोडायचे कसे, असा विचार विद्यापीठाच्या नियामक मंडळातच झाला. त्यात सहभागी असलेले बिल क्लेमेंट्स पुढे पुन्हा टेक्ससचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी तशी कबुलीही दिली. एनसीएएने १९८७चा अख्खा हंगाम रद्द केला. फुटबॉलमध्ये एवढी मोठी शिक्षा त्याआधी किंवा त्यानंतर मोठ्या विद्यापीठाला झालेली नाही. १९८८ला तर संघच उभा राहू शकला नाही आणि पुढची वीसेक वर्षं कार्यक्रम झोपलेला होता. सप्टेंबर २०२३मध्ये या विद्यापीठाला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली. अट अशी की नऊ वर्षं कॉन्फरन्सच्या टीव्हीच्या पैशातला वाटा मागायचा नाही. तेवढी खोट कोण भरून काढणार? आठवड्याभरात तिसेक देणगीदारांनी मिळून दहा कोटी डॉलर जमवले, या वेळी पत्रक काढून, उजळ माथ्याने. वरच्या गॅलरीत बसणाऱ्याच्या दहा टक्क्यांची तिथे गरजच पडली नाही. डिसेंबर २०२४मध्ये संघ प्लेऑफच्या बारा संघांत पोचला आणि पेन स्टेटकडून ३८-१० असा हरून परतला.